निश्चित पर्जन्याच्या प्रदेशातील अनिश्चितता : गोरेगाव परिसरातील अल्पभूधारक शेती आणि साहाय्याचा इतिहास

महाराष्ट्राची कृषिहवामानानुसार जी विभागणी करण्यात आली आहे, तीत मध्य व पूर्व मराठवाड्याचा बराच मोठा टापू 'निश्चित पर्जन्याचा विभाग' या नावाने दाखविला जातो. हिंगोली जिल्ह्याचा बहुतेक भाग याच विभागात येतो. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरीने ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे; सोलापूर किंवा अहमदनगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्याशी तुलना करता ते खासच समाधानकारक म्हणावे लागेल. तथापि याच जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेल्या गोरेगाव परिसरातील दहा शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्यावेत अशी मागणी केली. मूत्रपिंड, यकृत, डोळे यांपुढे रुपयांचे आकडे मांडलेले ते पत्र वृत्तपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाले. निश्चित पर्जन्याच्या विभागातून असे पत्र निघावे ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला केवळ उद्वेगजनक वाटून भागणार नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी लहान शेतकऱ्याला आजवर कोणी, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात साहाय्य केले, आणि ते साहाय्य नेमके कोठे अडले, या प्रश्नाकडे ते पत्र लक्ष वेधते.

प्रथम भूमीचा विचार करणे अवश्य आहे. हा मुलूख दख्खनच्या काळ्या मातीचा. कयाधू नदी याच भागातून वाहत जाऊन पुढे पैनगंगेस मिळते. दक्षिणेच्या बाजूस पूर्णेचे खोरे आहे. जेथे काळी माती खोल आहे तेथे ती पाणी धरून ठेवते. परंतु पाऊस अति झाला तर तीच माती चिबडते, मुळांना हवा मिळत नाही आणि उभे पीक पिवळे पडते. माळावरची जमीन उथळ व मुरमाड असून पंधरा-वीस दिवसांची उघडीप तिला सोसत नाही. एकाच शिवारात, कित्येकदा एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांत, या दोन्ही प्रकारच्या जमिनी आढळतात. त्यामुळे एकाच वर्षी अतिवृष्टी आणि अवर्षण या दोहोंनी नुकसान होणे येथे मुळीच अपवादात्मक नाही.

या विषमतेला जुन्या शेतीने जे उत्तर दिले होते ते मिश्रपिकाचे. ज्वारी, तूर, मूग, उडीद, कापूस, तीळ, अंबाडी ही पिके निरनिराळ्या अवधीची व निरनिराळ्या खोलीवर मुळे सोडणारी असतात. तिफणीच्या एकेका नळ्यातून वेगवेगळे बी सोडून ती एकाच वावरात घेतली जात. मृग चुकला तर आर्द्रा, आर्द्रा चुकली तर पुढचे नक्षत्र, आणि खरीप सर्वस्वी हातचा गेला तर रब्बीची ज्वारी किंवा हरभरा, असा हा हिशेब होता. पेवात भरून ठेवलेली ज्वारी एका बऱ्या वर्षाचे धान्य पुढल्या वाईट वर्षापर्यंत पोहोचवी. कडब्याच्या गंजीने बैल जगत. या व्यवस्थेचे अवास्तव गुणगान करण्याचे कारण नाही. तिचे उत्पन्न अल्प होते, पेव धनिकाकडेच मोठे असे, आणि सलग दोन वर्षांच्या अवर्षणापुढे ती टिकत नसे. पण धोका विभागून घेण्याचे तत्त्व तिच्या मुळाशी होते, हे मान्य करावेच लागते.

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व परभणी जिल्ह्यात मोडत होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिलाबंदी करून महसुलाची नवी घडी बसविली, आणि मराठवाड्यात पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रोकड सारा ठरला. या सुधारणेने मक्तेदारांच्या जुलमाला आळा बसला हे खरे. परंतु तिचा दुसरा परिणाम सहसा नोंदला जात नाही. धान्याच्या वाट्याने सारा घेण्याच्या पद्धतीत पीक बुडाले की सरकारचा वाटाही आपोआप बुडत असे. रोकड साऱ्याने पावसाचा धोका बहुतांशी रयतेच्या अंगावर टाकला. सूट व तहकुबी या गोष्टी पुढे नियमांत आल्या, पण त्या मागाव्या लागत, आणि त्यांच्यासाठी आणेवारी ठरावी लागे. १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली असा लोहमार्ग सुरू झाल्यावर कापसाला बाजार जवळ आला. रोकड सारा, रोकड पीक आणि रोकड कर्ज यांची साखळी येथून पक्की होत गेली. १९३७ साली भरुचा यांनी निजामी मुलखातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणासंबंधी जो अहवाल सादर केला, त्यावरून या प्रश्नाची दखल घेणे त्या सरकारलाही भाग पडले होते हे दिसून येते.

१८९९–१९०० चा महादुष्काळ मराठवाड्यात विशेष तीव्र होता. १८९१ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १ कोटी १५ लाखांहून अधिक होती. १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाखांवर आली. गोरेगावपासून उत्तरेस थोड्या अंतरावर वऱ्हाडचा मुलूख लागे. १८५३ च्या तहापासून तो इंग्रजी अंमलाखाली असल्याने एकाच आभाळाखालच्या शेजारच्या गावांना दोन निरनिराळ्या सरकारांच्या दुष्काळ-नियमांखाली दिवस काढावे लागले. दोन्हीकडील साहाय्याचे स्वरूप मात्र सारखेच होते : खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे, तगाई, साऱ्याची तहकुबी. पीक गेल्यानंतर माणूस जगविणे एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. पीक जाऊ नये यासाठी कोरडवाहू शेतात काही करता येते, ही कल्पना तोवर राज्यकारभारात रुजलेली नव्हती.

ती रुजू लागली १९३३ च्या पुढे. त्या सुमारास शाही कृषिसंशोधन परिषदेच्या साहाय्याने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीची केंद्रे सुरू झाली. यांपैकी रायचूर हे हैदराबाद संस्थानात होते. सोलापूरच्या कामाशी निगडित असलेल्या ना. वि. कानिटकर यांच्या संशोधनातून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली 'मुंबई पद्धत' पुढे आली. ती अल्प पावसाच्या प्रदेशासाठी आखलेली होती. हिंगोलीसारख्या मध्यम पावसाच्या खोल काळ्या जमिनीत समतल बांधाच्या वरच्या अंगास पाणी तुंबून पीक सडते, असा अनुभव पुढे ठिकठिकाणी आला. बांध फोडणाऱ्या शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याचा मोह तेव्हा अनेक अधिकाऱ्यांना आवरला नाही. वस्तुतः तो आपल्या मातीच्या अनुभवाप्रमाणे वागत होता. सिंचनाच्या बाबतीत निजामी राजवटीचा ओघ तेलंगणाकडे होता. १९३१ मध्ये पूर्ण झालेला निजामसागर तिकडचा. मराठवाड्याच्या वाट्याला त्या तोडीचे काही आले नाही.

१९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९६० च्या दशकात सेनगाव तालुक्याच्या सीमेवर पूर्णा नदीवर येलदरी व तिच्या खाली सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली. त्यांचे पाणी कालव्यांनी खालच्या अंगास वसमत व परभणीकडे गेले. वरच्या बाजूचा माळ कोरडाच राहिला. वसमतची हळद आज जी प्रसिद्ध आहे आणि जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या पाठीशी हे पाणी आहे, हे विसरता येत नाही. हवामानाशी जुळवून घेतलेल्या पिकाचा दाखला म्हणून हळदीचे नाव पुष्कळदा घेतले जाते; पण ज्याला विहीर नाही त्याच्यासाठी हा दाखला निरुपयोगी आहे.

याच दशकातील एका कायद्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. १९६३ मध्ये राज्याने एक अधिनियम करून आपल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी 'टंचाई' आली. राज्यात दुष्काळ पडूच दिला जाणार नाही असा त्यामागचा विश्वास होता. नऊच वर्षांनी १९७२ चे अवर्षण आले. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे स्वरूप मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती ही कामे मजुरीच्या निमित्ताने शिवारात झाली, आणि मदतीतून मत्ता निर्माण व्हावी हा विचार प्रथमच मोठ्या प्रमाणावर अमलात आला. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली.

यानंतरच्या काळात शेतीचे रूप जितक्या झपाट्याने पालटले तितके पूर्वीच्या शंभर वर्षांत पालटले नव्हते. १९६४ पासून संकरित ज्वारी आली. तिने उत्पन्न वाढविले, पण काढणीच्या वेळी पावसात सापडली की तिचा दाणा काळा पडे व भाव मिळत नसे. १९९० नंतर सोयाबीन शिरले. जबलपूरचे 'जेएस ३३५' हे वाण आणि पुढे परभणीचे 'एमएयूएस ७१' यांनी मराठवाड्याचा खरीप व्यापला. या पिकाला शेतकऱ्याने दिलेली पसंती डोळस होती : सुमारे शंभर दिवसांत ते निघते, मागून हरभरा घेता येतो, रोकड दसरा-दिवाळीस हातात येते. परंतु त्याबरोबर ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल कमी झाले, आणि बैल कमी झाल्यावर पेरणीपासून मळणीपर्यंत प्रत्येक कामासाठी भाड्याचे यंत्र आले. जी मशागत पूर्वी घरच्या श्रमाने किंवा इर्जिकीने होत असे ती आता उसनवारीच्या पैशाने होऊ लागली. त्यातच धारणक्षेत्र घटत गेले. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०–७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५–१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली. एकाच पिकाखाली, एकाच भावाच्या भरवशावर, दीड हेक्टरावर वर्षाचा संसार उभा राहिला, तो नेमका पावसाची चाल बिघडत असताना.

पाऊस बिघडला आहे ही शेतकऱ्यांची तक्रार पूर्वी नेहमीची म्हणून सोडून दिली जाई. २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. अतिवृष्टीच्या घटना अशा वाढत असताना एकूण पाऊस वाढेलच असे नाही. त्याच पाण्याचा मोठा हिस्सा थोड्या दिवसांत कोसळतो व मधली उघडीप लांबते. खोल काळ्या मातीतील चिबड आणि माळावरची होरपळ हे दोन्ही दोष यामुळे एकदम बळावतात.

यावरील एक तांत्रिक उपाय तोवर चाळीस वर्षे जुना झालेला होता, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९७२ मध्ये हैदराबादनजीक पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने खोल काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत विकसित केली. दीड मीटरच्या पट्ट्यात रुंद वरंब्यावर पीक व शेजारी सरी, अशी ही रचना आहे. पाऊस अधिक झाला तर सरीतून जादा पाणी निघून जाते, कमी झाला तर तेच पाणी सरीत मुरते. मुंबई पद्धतीला हिंगोलीच्या जमिनीत जे साधले नव्हते ते हिने साधले. परंतु तिच्यासाठी बैलांनी ओढावयाचे जे बहुउपयोगी चाकाचे अवजार संस्थेने पुढे आणले, ते इतके महाग होते की लहान शेतकऱ्याने ते घेतले नाही. अशा अवजारांचा जगभरचा इतिहास पॉल स्टार्की यांनी १९८८ मध्ये लिहिला, तेव्हा अवजार परिपूर्ण ठरूनही नाकारले गेले असा निष्कर्ष त्यांनी ग्रंथाच्या नावातच नमूद केला. उपाय माहीत असणे आणि तो दोन एकरांच्या शेतकऱ्याला परवडणे यांमधील हे अंतर पुढील सर्व प्रयत्नांत पुन्हा पुन्हा आडवे आले आहे.

२०११ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने हवामानानुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात या दिशेने झालेला सर्वांत मोठा प्रयत्न मात्र नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा होय. २०१८ च्या आरंभी जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपयांचा होता. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, अर्थात हिंगोलीही. पाच हजारांहून अधिक गावे निवडताना महसुली हद्दीऐवजी लहान पाणलोटांचे समूह धरले गेले, आणि गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समित्या स्थापन झाल्या. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची मदत घेण्यात आली. रुंद वरंब्यावरील पेरणी, आता अर्थातच ट्रॅक्टरच्या यंत्राने, घरच्या घरी सोयाबीनचे बियाणे, शेततळी, विहिरींचे पुनर्भरण, ठिबक व तुषार संच, फळबाग, भूमिहीनांसाठी शेळ्या, गटांसाठी अवजार-बँका, असा त्याचा विस्तार होता. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन बियाणे उगवलेच नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या. त्यावरून घरच्या बियाण्याचा आग्रह किती योग्य होता हे सिद्ध झाले.

या प्रकल्पाने तगाईच्या परंपरेपासून निश्चित फारकत घेतली. साहाय्य नुकसानीपूर्वी व नुकसान टाळण्यासाठी दिले जाऊ लागले, आणि ते थेट खात्यात जमा होऊ लागले. अल्पभूधारकांस खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान होते. तथापि त्याची रीत अशी होती : अर्ज, पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने स्वतः खर्च करून काम पुरे करावयाचे, नंतर तपासणी, आणि मग अनुदान. भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी हा क्रम समर्थनीय आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. शेततळे, विहीर किंवा ठिबकाचा संच यांचा संपूर्ण खर्च आधी उभा करू शकणारा शेतकरी म्हणजे ज्याची पत शाबूत आहे असा शेतकरी. ज्याचे पीककर्ज थकलेले आहे त्याला बँक नवे कर्ज देत नाही. सावकाराकडून उचलावे तर अनुदान येईतो व्याज चढते. म्हणजे हवामानाच्या फटक्याने ज्याची पत आधीच बुडाली, त्याच्यापर्यंत हवामानाशी जुळवून घेण्याचे साहाय्य सर्वांत कमी पोहोचण्याचा संभव. शेततळ्यांविषयी तर आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी पावसाऐवजी विहिरीच्या उपशाने भरली जातात, आणि तळेवाल्याचे पाणी साठते तसे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी उतरते.

या पार्श्वभूमीवर २०२३ चे वर्ष पाहावे. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या देशव्यापी नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात व शेंगा भरण्याच्या अवस्थेत असतानाच पाऊस उघडला. सप्टेंबरमध्ये मराठवाडा-विदर्भात पिवळ्या मोझॅकचा प्रादुर्भाव झाला. जे पिकले त्याचा भावही हमीभावाच्या, म्हणजे ४,६०० रुपये क्विंटलच्या, आसपास घुटमळला. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तो काही बाजारांत दहा हजारांवर गेला होता. ३१ ऑक्टोबर रोजी शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१६ च्या दुष्काळ-व्यवस्थापन संहितेतील पर्जन्य, वनस्पती-निर्देशांक, मृदेतील ओलावा अशा कसोट्यांवर ते तालुके उतरले होते. त्यांत हिंगोली जिल्ह्यातील एकही तालुका नव्हता. पुढे राज्यातील १,०२१ महसुली मंडळांत सवलती लागू करण्यात आल्या. जुन्या आणेवारीहून नवी कसोटी निःसंशय शास्त्रीय आहे. पण महिन्याची बेरीज बरी दिसली आणि पाऊस मात्र चुकीच्या वेळी पडला, तर होणारे नुकसान तिच्या चाळणीतून निसटू शकते. गोरेगावचे पत्र याच महिन्यातील आहे. त्यात पावसाइतकाच, किंबहुना अधिक, भर थकलेल्या पीककर्जावर होता. हवामानाचा आघात शेतकऱ्याच्या घरात शिरतो तो कर्जाच्या रूपाने, हे त्या दहा जणांनी कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्टपणे मांडले.

त्या खरिपात एक रुपयात पीकविमा देण्याची योजना राज्याने सुरू केली होती. विम्याची व्याप्ती तिने अफाट वाढविली. त्याबरोबर बनावट अर्जांच्या तक्रारीही वाढल्या, आणि २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली. शेतकऱ्याने खरिपासाठी पुन्हा दोन टक्के हप्ता भरावयाचा ठरला. या बदलात पेरणीच न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान या चार कारणांसाठीचे संरक्षण राज्याने वगळले, व भरपाई पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. ओढ्याकाठच्या एका वावराचे पीक वाहून गेले आणि मंडळाची सरासरी टिकली, तर त्या वावराच्या धन्यास काही मिळत नाही. पूर्वीच्या आणेवारीत गावाची सरासरी धरली जाई; आता सरासरीचे क्षेत्र त्याहून विस्तृत आहे.

कृषी संजीवनी प्रकल्पाचा पहिला टप्पा जून २०२४ मध्ये संपला. २१ जिल्ह्यांसाठी दुसरा टप्पा शासनाने मंजूर केला आहे. दरम्यान १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन काढणीला आलेली मूग-उडिदाची शेते व उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाभर त्याहून मोठा पूर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि कोरडवाहू शेतीस हेक्टरी १८,५०० रुपयांचा दर ठरविला. या रकमेतून रब्बीचे बियाणे व खत घेता येते. जूनमध्ये काढलेले पीककर्ज मात्र त्याच खात्यावर, त्याच मुदतीने, चालू राहते.